ट्रिगर गार्डच्या आतला कॅच

(दृश्य: सकाळ, अजिंक्यतारा, खाली साताऱ्याची घरं, मग कॉलेजचं ग्राउंड)

सकाळचे साडेसहा वाजलेत, अजिंक्यताऱ्यावरचं धुकं अजून हललं नाही आणि खाली ग्राउंडवर एनसीसीची पोरं-पोरी फॉलिन झालीत. त्यांच्या खांद्यावर दिसतेय ती थ्री नॉट थ्री, ली एनफिल्ड. ही डीपी रायफल आहे, म्हणजे ड्रिल परपज, मुद्दाम निकामी केलेली, हिच्यातून गोळी सुटत नाही. पण बोल्ट, म्हणजे हातानं मागं-पुढं करायचा दांडा, तोच, ट्रिगर तोच, आणि पोटाखाली ती गोळ्यांची लोखंडी डबी, मॅगझीन, तीपण तीच. ती डबी जागेवर धरून ठेवणारा एक पेरभर लोखंडाचा तुकडा आहे, कॅच म्हणतात त्याला, आज फक्त त्याच्याबद्दल बोलायचंय.

(दृश्य: कोतचं, म्हणजे शस्त्रं ठेवायच्या खोलीचं, दार, कुलूप, आतली रायफलींची रांग)

हे आप्पा. फौजेत आर्मरर होते, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारे, हवालदार म्हणून रिटायर झाले. साताऱ्याच्या आसपास अशी गावं आहेत जिथं घरटी एक माणूस फौजेत असतोच, अपशिंगेला तर लोक अपशिंगे मिलिटरीच म्हणतात, त्यामुळे इथं आर्मरर भेटणं काही नवल नाही. पण आर्मररला विचारतं कोण? लढलेल्या माणसाला सगळे विचारतात, त्याची रायफल चालती ठेवणाऱ्याला कोणी नाही, आणि हे मला फार लागतं.

(दृश्य: क्लोजअप, आप्पांचे हात)

आता हात बघा. तर्जनी ट्रिगर गार्डच्या, म्हणजे ट्रिगरभोवतीच्या कड्याच्या, आत गेली, ट्रिगरला शिवलीपण नाही, त्याच्या पुढं एक छोटी जीभ आहे, तोच कॅच, तिच्यावर टेकली, वर दाबली. डाव्या हातानं मॅगझीन धरून खाली ओढलं. खट्. आलं हातात.

आता हेच एका कॅडेटला करायला दिलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा, निघेना. आप्पा म्हणतात, "अगं जोर नगं लावू, पुढं न्हाई ढकलायचं, वर दाब, वर." निघालं! तिचा चेहरा बघा.

इतकं अडचणीत का ठेवलंय हे? सहज बोट जाईल अशा ठिकाणी एखादं मोठं बटण का नाही दिलं? मला आधी वाटलेलं जुनं डिझाइन आहे, सुचलं नसेल त्यांना. तसं नाहीये.

ही मॅगझीनची कल्पना जेम्स पॅरिस ली या माणसाची. जन्म स्कॉटलंडचा, वाढला कॅनडात, पुढं अमेरिकेत गेला, आणि 1879 मध्ये बोल्टच्या खाली बसणाऱ्या, काढता येणाऱ्या डबीचं पेटंट घेतलं. ब्रिटिशांनी 1888 ला ली मेटफर्ड रायफल घेतली, 1895 ला ली एनफिल्ड, आणि 1907 ला आली तिचीच मार्क थ्री, जी पुढं आपल्याकडं बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्यात वर्षानुवर्षं बनत राहिली. डबी निघत होती, पण लढाईत काढायची नव्हतीच! जवानाकडं आजच्यासारखी चार-पाच भरलेली मॅगझीनं नसायची, चार्जर क्लिपा असायच्या, म्हणजे गोळ्या ओळीनं धरणाऱ्या पट्ट्या, एका क्लिपेत पाच राऊंड, म्हणजे पाच गोळ्या. बोल्ट मागं खेचायचा, वरून क्लिप लावायची, अंगठ्यानं राऊंड आत दाबायचे, परत दुसरी क्लिप, झाले दहा. डबी खाली काढायची ती फक्त साफसफाईला, नाहीतर काही अडकलं तर. आणि रानात पळताना, रांगताना ती पडली तर? दहा राऊंडची रायफल एका राऊंडची झाली. आधीच्या रायफलींना तर डबी हरवू नये म्हणून चक्क साखळीची कडी लावलेली असायची, बैलाच्या गळ्यातल्या घुंगरासारखी लटकायची. म्हणून तो कॅच गार्डच्या आड आहे. काटेरी झुडपात, खंदकाच्या मातीत, चुकून दाबला जाऊ नये म्हणून.

(दृश्य: वहीच्या मागच्या पानावर आप्पा पेनानं चित्र काढताना)

आणि हे बघा, हे मला सगळ्यात आवडलं. आप्पांनी कोतच्या वहीच्या मागच्या पानावर काढून दाखवलं. इंग्रजी व्ही सारखी वाकवलेली एक पट्टीची स्प्रिंग. तिचा एक पाय सिअरवर, म्हणजे ट्रिगर ओढल्यावर जो पिनला सोडतो त्या तुकड्यावर, आणि दुसरा पाय मॅगझीन कॅचवर. एकच स्प्रिंग, दोन कामं! एक पार्ट कमी झाला, म्हणजे मोडायची, हरवायची, गंजायची एक गोष्ट कमी झाली.

जर्मनांच्या माऊझर 98 रायफलीला डबी निघतच नाही, मॅगझीन लाकडाच्या आतच असतं, खाली एक पत्रा. त्या पत्र्याजवळ बारीक भोक, त्यात गोळीचं टोक घालून दाबायचं आणि पत्रा सरकवायचा. जवानाच्या खिशात गोळी असणारच, मग वेगळं अवजार कशाला, असा तो विचार, आणि तोपण चांगलाच आहे.

आजच्या बोल्ट ॲक्शन रायफलींना मॅगझीन बदलायचंच असतं, त्यामुळे कित्येकांना ट्रिगर गार्डच्या पुढं बऱ्यापैकी मोठा लिव्हर देतात, हातमोजे घालूनपण ढकलता येतो.

(दृश्य: मॅगझीनमध्ये डमी राऊंड भरताना)

थ्री नॉट थ्रीच्या राऊंडला बुडाला कड असते. वरच्याची कड खालच्याच्या कडेच्या पुढंच बसली पाहिजे, मागं बसली की अडकलंच. आप्पा राऊंड ठेवताना बोटानं कड चाचपतात, बघतपण नाहीत.

एक गोष्ट सांगायची राहिली, मॅगझीन काढलं म्हणजे रायफल रिकामी झाली असं नसतं, चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या बुडाशी, एक राऊंड राहू शकतो, बोल्ट उघडून बघायचंच, अपघात तिथंच होतात.

(दृश्य: रायफल जोडताना, मग ग्राउंड)

आपल्या पोरांना आपण रायफल खांद्यावर घ्यायला शिकवतो, सलामी शस्त्र शिकवतो, ते छानच दिसतं. पण खोलजोड शिकवायला आप्पांसारखा माणूस महिन्यातून एकदा जरी कोतमध्ये बसला तर किती शिकतील पोरं! आप्पा यायला तयार आहेत, एसटीचं भाडंपण नको म्हणाले.

मॅगझीन परत बसवताना आधी पुढची बाजू आत, मग मागून वर दाबायचं, खट् आवाज येईपर्यंत. ती कॅडेट आता न बघता बसवतेय. बसल्यावर खाली ओढून बघतेय, पक्कं बसलं का. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं, आप्पांचं बघून शिकली. आप्पांनी चिंदीनं कॅचवरचं बोटाचं तेल पुसलं आणि पुढची रायफल मागितली.