आधी मालक मोजा

(वाचनालयाच्या व्याख्यानमालेतलं भाषण, थोडं संपादित करून)

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘इंग्रजीतील अनेकवचनी षष्ठी’. तो वाचूनही तुम्ही आलात. म्हणजे एकतर तुम्हाला व्याकरणाची आवड आहे, नाहीतर देवळातला दशावतार सुरू व्हायला अजून अवकाश आहे. दुसरंच खरं असणार. मागच्या रांगेतल्यांनी उगाच माना हलवू नयेत, इथून सगळं दिसतं.

तसा व्याकरण हा आपल्या किनाऱ्याला परका विषय नाही. मालगुंडचे केशवसुत सगळ्यांना ठाऊक आहेत. त्यांचे धाकटे भाऊ मोरो केशव दामले यांनी १९११ साली ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ प्रसिद्ध केलं. कवी भावाचं स्मारक झालं, तिथे शाळांच्या सहली जातात, पोरं फोटो काढतात. व्याकरणकार भावासाठी अजून एकही सहल निघालेली मी पाहिली नाही. असो. हे माझं जुनं दुखणं आहे, आज ते उगाळत नाही.

आजचा मुद्दा एवढाच, की आपली पोरं इंग्रजी अपॉस्ट्रॉफी, म्हणजे मालकी दाखवायला एस या अक्षराच्या आधी किंवा नंतर वर लटकणारी ती शेपटी, चुकीच्या जागी देतात ती ढ म्हणून नव्हे. ती मराठी चोख शिकलेली असतात म्हणून देतात.

विभक्तीचा तक्ता आठवा. षष्ठी, एकवचन: चा, ची, चे. अनेकवचन: चे, च्या, ची. झोपेतून उठवून विचारलं तरी म्हणाल. पण हे एकवचन-अनेकवचन कोणाचं, असं कधी कोणी विचारलं का? ‘मुलाचा आंबा’, ‘मुलाचे आंबे’. मुलगा एकच. आंबे वाढले तसा ‘चा’चा ‘चे’ झाला. म्हणजे तक्ता मोजतो ती वस्तू! मालकाचं वचन बिचारं शब्दाच्या पोटात, एका अनुस्वारात: मुलाचे, मुलांचे. तक्त्यात त्याची दखल नाही. दहा वर्षं हा तक्ता घोकलेला मुलगा इंग्रजीकडे वळतो, ‘मुलाची पुस्तकं’ इंग्रजीत लिहायला घेतो, पुस्तकं पुष्कळ दिसतात, म्हणून अपॉस्ट्रॉफी एसच्या पलीकडे सरकवतो. त्याच्या बाजूने हिशेब बरोबर आहे. इंग्रजीला मात्र पुस्तकांशी काहीच देणंघेणं नसतं. ती विचारते, मालक किती?

आणि मालक किती हा प्रश्न कोकणात विचारणं म्हणजे... हसलात ना? सगळ्यांच्या घरात सातबारा आहे.

तर ऐका. आमच्याकडच्या एका वाडीत चार भावांचं सामाईक घर. दोघे मुंबईला, एक रत्नागिरीला, एक गावात. समुद्र पाच मिनिटांवर, पर्यटक वाढलेले, तेव्हा ठरलं की माडीवरच्या तीन खोल्या भाड्याने द्यायच्या. नाव काय? ‘ब्रदर्स होम्स्टे’. चौघेही खूश. चार भाऊ एका नावाला कबूल होतात हीच मुळात बातमी. गावातल्या भावाने पाटी रंगवायला दिली. आमचा पेंटर हुशार माणूस, अक्षर मोत्यासारखं. त्याने ब्रदर लिहिलं, मग निळ्या रंगात झकास बाकदार अपॉस्ट्रॉफी काढली, मग एस. शोभेला म्हणून. त्याचं म्हणणं, इंग्रजी पाटीवर तेवढी एक शेपटी असली की दुकान मोठं वाटतं.

गणपतीला सगळे जमले. आरती झाली, पानं मांडली गेली, आणि मुंबईच्या एका भावाच्या इंग्रजी माध्यमातल्या मुलाने ओटीवरून मोठ्याने सांगितलं, “बाबा, पाटीवर एकाच भावाचं घर आहे असं लिहिलंय.” झालं! मुंबईकरांनी मोदक खाली ठेवला. “ह्यां काय लिवलां हां? खंयच्या भावाचां?” गावातला भाऊ म्हणाला, पाटीचे पैसे मी दिलेत, पण मी असलं काही सांगितलेलं नाही. रत्नागिरीकर वकिलाकडे कारकून, तो म्हणाला, पुरावा म्हणून फोटो काढून ठेवा. तशा अवस्थेत मला बोलावणं आलं, कारण गावातला निवृत्त इंग्रजीचा मास्तर मी एकटाच.

मी निवाडा दिला: पोरगा बरोबर आहे. एसच्या आधी अपॉस्ट्रॉफी म्हणजे एक भाऊ. ती एसच्या नंतर न्या, चौघेही आत येतात. पेंटर आला. म्हणाला, “गुरुजी, मी अक्षरावर पैसे घेतो. हे अक्षर की काय?” मी म्हटलं, अक्षर नाही, चिन्ह आहे. तर तो म्हणाला, “मग फुकट सरकवतो.” आणि सरकवली. मी घरी जायला निघालो, तेवढ्यात माजघरातून त्यांची बहीण बाहेर आली. माहेरपणाला आलेली होती. तिने पाटी वाचली आणि शांतपणे विचारलं, “आणि माझा हिस्सा?” हिंदू वारसा कायद्यात २००५ साली दुरुस्ती झाली, वडिलोपार्जित मिळकतीत मुलीलाही मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला, हे तिला पाठ होतं. भावांना नव्हतं. आता बहिणीला आत घेणारी अपॉस्ट्रॉफी इंग्रजीत कुठून आणायची? शेवटी पाटी उलटी केली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर मराठीत लिहिलं, ‘घरगुती जेवण व राहण्याची उत्तम सोय’. त्यात मालकाचा उल्लेखच नाही. धंदा बरा चाललाय असं ऐकतो.

यात आणखी एक मेख आहे. मराठीत आदर आला की एक माणूस अनेक होतो. ‘काकांची कलमं’ म्हटलं, तर काका एक की पाच? ‘वडिलांचं घर’ म्हणताना वडील एकच असतात, निदान असावेत. आदरार्थी अनुस्वाराने आपण मालकांची संख्या झाकून ठेवतो. इंग्रजीत ती मुभा नाही. वडिलांना मान द्यायचा म्हणून कोणी फादर्स लिहून एसच्या पुढे अपॉस्ट्रॉफी दिली, तर तो मान राहत नाही, भलताच आरोप होतो.

बरं, गंमत अशी की हा सगळा खटाटोप फक्त डोळ्यांसाठी. ‘मुलाचा’ आणि ‘मुलांचा’ कानाला वेगळं ऐकू येतं. इंग्रजीत बॉइज म्हणा: मुलगे, एका मुलाचं, अनेक मुलांचं, तिन्हींचा उच्चार एकच. जुन्या इंग्रजीत षष्ठीला खरा प्रत्यय होता, ई-एस. त्यातला स्वर पुढे गळत गेला. सोळाव्या शतकात छापखानेवाल्यांनी गाळलेल्या अक्षराची खूण म्हणून फ्रेंचांकडून हे चिन्ह उचललं. पुढे ते एकवचनी षष्ठीला चिकटलं, आणि अनेकवचनात एसच्या मागे जाऊन बसायला त्याला आणखी वेळ लागला. इंग्रजांनाही ते धड जमलेलं नाही. लंडनच्या भुयारी रेल्वेत पिकॅडिली लाइनवर अर्ल्स कोर्ट आणि बॅरन्स कोर्ट ही लागोपाठची स्टेशनं. पहिल्यात अपॉस्ट्रॉफी आहे, दुसऱ्यात नाही. जॉन रिचर्ड्स नावाच्या गृहस्थांनी २००१ साली अपॉस्ट्रॉफी वाचवायला संस्था काढली आणि २०१९ मध्ये, वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी, अज्ञान आणि आळस जिंकला म्हणून बंद केली. आमच्याकडचे असते तर अपिलात गेले असते.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. ‘दहा मिनिटे’ लिहून त्यातले दहा खोडलेत आणि पाच केलेत. म्हणजे पत्रिकेवरचा विषय आता सुरू करतो.

रीत अशी. आधी मालकाचं अनेकवचन पुरतं लिहा. अपॉस्ट्रॉफीचा विचारही करू नका. मग शेवटचं अक्षर बघा. एस असेल तर नुसती अपॉस्ट्रॉफी, एस नसेल तर अपॉस्ट्रॉफी आणि एस. म्हणून स्टुडंट्सला शेवटी नुसतं चिन्ह, पण चिल्ड्रन, विमेन, फिशरमेन यांना चिन्ह आणि मग एस. मच्छीमारांच्या पाट्यांवर फिशरमेन्सच्या एसनंतर जी शेपटी दिसते ती चूक, कारण ‘फिशरमेन्स’ असं अनेकवचनच नाही.

आडनावं. दारावर ‘द परब’ आणि पुढे अपॉस्ट्रॉफी एस म्हणजे एका परबाचं काहीतरी, काय ते सांगायचं राहिलं. कुटुंब सांगायचं असेल तर साधं परब्स, शेपटीशिवाय. घर त्या सगळ्यांचं आहे असं सांगायचं, तरच शेवटी चिन्ह.

सामाईक आणि वाटणी. दादा अँड अण्णा यांचं घर एकच असेल तर चिन्ह फक्त अण्णाला. वाटण्या होऊन घरं दोन झाली की दोघांनाही. ही सोय आपल्या तलाठ्यांकडे हवी होती.

रजेचे अर्ज. चाकरमानी गणपतीला लिहितात, ‘फाइव्ह डेज लीव्ह’. दिवस काही रजेचे मालक नव्हेत, तरी डेजच्या एसनंतर चिन्ह हवं. एकच दिवस असेल तर एसच्या आधी. साहेबाने रजा नाकारली तर ते व्याकरणामुळे नव्हे, एवढं मी लिहून देतो.

‘मदर्स डे’ मात्र एकवचनी. तो सुरू करणाऱ्या अमेरिकेच्या ॲना जार्विस यांचा आग्रह होता की ज्याने त्याने आपापल्या आईची आठवण करावी, म्हणून चिन्ह एसच्या आधी. १९१४ साली अध्यक्ष विल्सन यांनी त्याची घोषणा केली. शेतकऱ्यांच्या बाजाराला, ‘फार्मर्स मार्केट’ला, कोणी चिन्ह देतात, कोणी देत नाहीत. बाजार शेतकऱ्यांचा की शेतकऱ्यांसाठी, यावर तिकडेही एकमत नाही.

आणि सर्वनामांना, म्हणजे हर्स, अवर्स, देअर्स आणि मालकी दाखवणारं इट्स, यांना अपॉस्ट्रॉफी अजिबात नाही. का नाही ते विचारू नका, देवळात पखवाज वाजायला लागलाय आणि अध्यक्ष चपला शोधतायत.