पहिली माउंटन बाइक: पैसा आधी कुठे लावावा

नमस्कार मंडळी. बेताच्या पैशात पहिली माउंटन बाइक घ्यायला माणूस दुकानात शिरतो, तेव्हा त्याची नजर आधी शॉकअपवर जाते आणि मग गिअरच्या आकड्यावर. पुढे शॉकअप, मागे शॉकअप, २१ गिअर, वर किंमतही परवडणारी! आज मला कळकळीने सांगायचं आहे ते हे, की नजर आधी फ्रेमवर आणि ब्रेकवर जाऊ द्या.

या खेळाची सुरुवात बघा. १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत काही तरुण जाड टायरच्या जुन्या सायकली डोंगरावर चढवायचे आणि कच्च्या वाटेने खाली सोडायचे. १९७६ मध्ये तिथल्या रीपॅक नावाच्या उतारावर शर्यती सुरू झाल्या. पेडल उलटं दाबून लागणारा मागच्या चाकाचा ब्रेक त्या उतारावर असा तापायचा, की हबमधलं, म्हणजे चाकाच्या मधल्या भागातलं, ग्रीस जळून जायचं. खाली आल्यावर हब उघडून पुन्हा ग्रीस भरायचं, मगच पुढची फेरी. शॉकअप त्या सायकलींना नव्हतेच. फोर्क म्हणजे पुढचं चाक धरणारा दुहेरी दांडा; रॉकशॉक्स कंपनीचा आरएस-१ हा शॉकअपवाला फोर्क आला १९८९ मध्ये. म्हणजे शॉकअपवाचून या मंडळींचं अडलं नाही, अडलं ते ब्रेकपाशी.

म्हणून स्वस्तातली फुल सस्पेन्शन, म्हणजे पुढे आणि मागे दोन्हीकडे शॉकअप असलेली, सायकल घेऊ नका. मागचा शॉक, त्याचे सांधे, त्यातली बेअरिंग हे सगळं नीट करायला खर्च येतो. तो खर्च कमी किमतीत बसवायचा तर ब्रेक, चाकं, गिअर सगळीकडे काटछाट होते. सायकल जड होते, चढावर दम काढते आणि काही महिन्यांत सांधे खुळखुळायला लागतात. त्याच पैशात हार्डटेल, म्हणजे फक्त पुढे शॉकअप असलेली सायकल, कितीतरी चांगली मिळते. काही स्वस्त सायकलींच्या फ्रेमवर तर ‘कच्च्या वाटांसाठी नाही’ असं स्टिकर असतं. टायर कितीही खडबडीत दिसोत, ते स्टिकर वाचा आणि माहितीपुस्तिकाही चाळा.

आता फ्रेम. तिचं माप आधी जमलं पाहिजे. मुलांचे कपडे वाढत्या अंगाचे घेतात, तशी सायकल घेऊ नका. दोन्ही पाय जमिनीवर टेकवून उभे राहा, वरच्या नळीपासून तुमच्यापर्यंत मोकळी जागा राहायला हवी. मग पेडलवर उभं राहून हँडल धरा. उतारावर तुम्ही असेच उभे असणार, तेव्हा पाठ अवघडता कामा नये. त्यानंतर हेड ट्यूब बघा, म्हणजे फोर्क जिच्यातून वर जातो ती पुढची नळी. ती खाली रुंद आणि वर निमुळती असेल, किंवा वरपासून खालपर्यंत जाड असेल, तर पुढे कधीतरी चांगला फोर्क बसवता येतो, कारण हल्लीचे बहुतेक चांगले फोर्क निमुळत्या दांड्याचेच येतात. नळी सगळीकडे बारीक असेल, तर ती वाट जवळजवळ बंद. चाकं थ्रू-एक्सलवर, म्हणजे हबमधून आरपार जाणाऱ्या जाड आसावर, बसवलेली असतील तर उत्तमच, पण कमी किमतीत हे क्वचित मिळतं, त्यावर अडून बसू नका.

ब्रेक हायड्रॉलिक डिस्कच मागा, म्हणजे द्रवाच्या दाबाने चाकावरची तबकडी पकडणारे. लांब उतारावर एका बोटाने लीव्हर दाबून सायकल ताब्यात राहते आणि हात भरून येत नाहीत. बजेट ताणूनही जमलं नाही, तर केबलवर चालणारे डिस्क ब्रेक चालतील, पण केबल आणि पॅड वेळोवेळी जुळवून घ्यावे लागतील.

गिअरच्या आकड्याला भुलू नका. २१ गिअरमधले बरेचसे एकमेकांसारखेच असतात. पुढे एकच चक्र आणि मागे ९ किंवा १० चकत्या असतील, तर चढ चढायला पुरेसं होतं, शिवाय बिघडायला एक डिरेलर, म्हणजे चेन सरकवणारा भाग, कमी. खरा प्रश्न विचारा तो मागच्या हबचा: फ्रीव्हील आहे की कॅसेट? फ्रीव्हील म्हणजे चकत्या आणि त्यांना उलट फिरू देणारी यंत्रणा एकत्र, हबवर आट्यांनी आवळलेली; कॅसेट असेल तर ती यंत्रणा हबमध्येच असते आणि चकत्या तिच्यावर सरकवून बसवतात. फ्रीव्हीलच्या हबमध्ये उजवीकडचं बेअरिंग बरंच आत बसतं, त्यामुळे आसाचं टोक आधाराविना राहतं आणि दगडाधोंड्यांत वाकतं, कधी तुटतं. कॅसेटच्या हबमध्ये बेअरिंग टोकाजवळ असतं. मागे ७ चकत्या दिसल्या तर हे विचाराच, कारण तिथे बहुधा फ्रीव्हील असतं.

चाक २९ इंचांचं की साडेसत्तावीस इंचांचं, यावर लोक तासन्तास वाद घालतात. नवशिक्याने त्यात पडू नये, मापात जे मिळेल ते घ्यावं. टायर झिजणारच आणि बदलणारच, त्यामुळे तिथे कमी पैसे गेले तरी हरकत नाही. हवा मात्र दगडासारखी टणक भरू नका, टायर थोडा दबला तरच मातीत पकड येते.

जुनी सायकल हा सगळ्यात किफायतशीर मार्ग, असं माझं स्पष्ट मत आहे. घेताना फोर्कच्या चकचकीत नळ्यांवरून नख फिरवा. ओरखडा नखाला अडकला, तर आतलं तेल राखणारं रबरी सील लवकर जाईल. हेड ट्यूबजवळच्या जोडांवर रंगाला तडा दिसला, तर तिथूनच परत फिरा. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढेमागे हलवा, हँडलखाली टकटक जाणवली तर बेअरिंग ढिलं आहे, ते आवळून मिळतं. चेन झिजली असेल तर बदलता येते, फक्त तिच्याबरोबर कॅसेटही बदलावी लागेल का, ते विचारून किंमत ठरवा. आणि हेल्मेटचे पैसे या हिशेबात पहिल्या ओळीला लिहा. ते नवीनच घ्या, कारण आपटलेल्या हेल्मेटला आतून गेलेला तडा बाहेरून दिसत नाही.