शहराच्या पोटातलं हिरवं रिंगण

[पहाट. आधी टापांचा आवाज, मग घोडे.]

महालक्ष्मी स्टेशनात पहाटेच्या लोकल यायला लागल्यात. धोबी घाटावर कपडे आपटायला सुरुवात झालीय. आणि रुळांपासून हाकेच्या अंतरावर, महालक्ष्मी रेसकोर्सवर, साडेचारशे किलोचं एक जनावर नाकपुड्या फुगवून वळणावर आलंय. पाठीवरचा रायडिंग बॉय, म्हणजे सराव देणारा स्वार, त्याच्या मानेशी काहीतरी पुटपुटतोय. आज शर्यत नाही. हा रोजचा सराव.

कुंपणाच्या अलीकडे चालायला आलेली माणसं आहेत. निवृत्त काका, कानात हेडफोन घातलेल्या मुली, गुडघ्याला पट्टा बांधलेल्या आजी. घोडा गेला की मान वळते, मग पुन्हा चालणं सुरू.

जगातली बघण्यासारखी रेसकोर्स कोणती, असं विचारलं की ठरलेली नावं येतात. अ‍ॅस्कॉट, एप्सम, लाँगशाँ, चर्चिल डाउन्स, फ्लेमिंग्टन, दुबईचं मेदान. त्यातल्या काहींकडे आपण जाणारच आहोत. पण निघायचं इथूनच, कारण पायाखालची ही जमीन मुळात जमीनच नव्हती.

[जुने नकाशे. मग हाजी अलीची भरती.]

मुंबईची बेटं सुटी होती तेव्हा वरळीच्या खिंडारातून भरतीचं पाणी थेट आत घुसायचं. पार भायखळ्यापर्यंत दलदल. अठराव्या शतकाच्या शेवटी गव्हर्नर विल्यम हॉर्नबीनं हे खिंडार बांध घालून बुजवायला घेतलं. बांध टिकेना. आख्यायिका अशी, की बांधकामावरच्या एका पाठारे प्रभू अभियंत्याच्या स्वप्नात देवी आली. समुद्रात मूर्ती आहेत, त्या आधी बाहेर काढ, म्हणाली. मूर्ती निघाल्या, बांध उभा राहिला आणि शेजारच्या टेकडीवर महालक्ष्मीचं देऊळ झालं. हॉर्नबीचा तो बांध म्हणजे आजचा लाला लजपतराय मार्ग. सिग्नलला गाडी थांबली की डाव्या-उजव्या बाजूला नीट बघा. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला समुद्राकडून सोडवून घेतलेली जमीन.

तरी तिथे लगेच कोणी घर बांधलं नाही. पाणथळ माळ तो, पावसाळ्यात तुंबायचा. मुंबईच्या शर्यती तेव्हा भायखळ्याला व्हायच्या, आणि धावायचे ते बहुतेक आखातातून गलबतांनी आलेले अरबी घोडे. १८८३ मध्ये शर्यती या माळावर आल्या. आराखड्यासाठी नमुना घेतला तो मेलबर्नच्या कॉलफिल्ड रेसकोर्सचा. म्हणजे विलायतेचा नव्हे, ऑस्ट्रेलियाचा. साहेबाच्या मुंबईत हे जरा नवलच.

[नालबंद. अगदी जवळून.]

हे दृश्य आम्ही कापलेलं नाही. घोड्याकडे पाठ करून नालबंद वाकतो, पाय उचलून मांड्यांमध्ये धरतो. जुनी नाल पक्कडीनं उपटली. खुराचा वाढलेला भाग सुरीनं कापला, मग कानस. पांढुरका भुगा त्याच्या चामडी एप्रनवर पडतोय. खूर म्हणजे आपली नखंच, त्यामुळे खिळा ठोकताना घोडा हलत नाही. हलला तर खिळा चुकीच्या जागी गेलाय असं समजायचं. खिळ्याचं टोक खुराच्या बाहेरच्या अंगाला येतं, ते मोडायचं, वाकवायचं, पुन्हा कानस फिरवायची. शर्यतीच्या घोड्याला अ‍ॅल्युमिनियमची नाल लागते. हातात घेऊन बघा, वजनच लागत नाही.

पुढच्या तबेल्यात मोतद्दार, घोड्याची निगा राखणारा, खरारा करतोय. घोडा कोणाचा, हे रेसबुकात छापलेलं असतं. ट्रेनरचं नाव असतं, जॉकीचंही असतं. मोतद्दाराचं नसतं. घोडा मात्र त्याच्याच पावलांच्या आवाजावर कान टवकारतो.

[हॉंगकॉंग. रात्र. दिवे.]

दलदलीवरच उभं राहिलेलं दुसरं रेसकोर्स बघायचं तर हॅपी व्हॅली. इंग्रजांनी १८४० च्या दशकात तिथली हिवतापाची पाणथळ दरी भरून काढली आणि शर्यती सुरू केल्या. आज चहूबाजूंनी इमारतींच्या भिंती उभ्या आहेत आणि बुधवारी रात्री त्यांच्या तळाशी घोडे धावतात. लोक ट्रामनं येतात. आणि हे बघा, धावपट्टीच्या आतल्या जागेत फुटबॉलची, रग्बीची मैदानं आहेत. जगात सगळ्यात महाग मिळणाऱ्या जमिनींपैकी ही एक, आणि तिच्यावर पोरं खेळतायत. १९१८ मध्ये इथेच मांडव कोसळून आग लागली, सहाशेच्या आसपास माणसं गेली.

मेलबर्नच्या फ्लेमिंग्टनला जायचं तर नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारी. मेलबर्न कप १८६१ पासून चालू आहे आणि त्या दिवशी मेलबर्नला चक्क सरकारी सुट्टी असते. आपल्याकडे अनंत चतुर्दशीला गिरगावात जो माणूस दिसतो, तो तिथे मॅरिबिर्नाँग नदीच्या काठी दिसतो, फक्त हातात गुलाब.

इंग्लंडमधल्या एप्समची डर्बी ही शर्यत १७८० ची. जगभरातल्या सगळ्या डर्ब्यांची ही आजी. धावपट्टी नालेच्या आकाराची, आणि सपाट अजिबात नाही. आधी चढ, मग टॅटनहॅम कॉर्नरचा उतार, आणि त्या उतारावर वेगात वळायचं. भल्या भल्या घोड्यांचा तोल इथे जातो. समोरच्या टेकडीवर उभं राहून शर्यत बघायला पैसे पडत नाहीत. डबा घेऊन या, चादर अंथरा.

अ‍ॅस्कॉटच्या शर्यतींना बायका घालून येतात त्या टोप्या दाखवत नाही. त्या सगळ्यांनी दाखवून झाल्यात.

[महालक्ष्मी. फेब्रुवारीचा पहिला रविवार.]

इंडियन डर्बी. २४०० मीटर, चार वर्षांचे घोडे. पहिली डर्बी १९४३ ची. बडोद्याच्या महाराजांच्या प्रिन्सेस ब्युटिफुल या घोडीनं ती जिंकली, वर जॉकी होता ऑस्ट्रेलियाचा एडगर ब्रिट. पुढे आपल्या मातीतले जॉकी आले. पेसी श्रॉफ यांनी ही शर्यत आठ वेळा जिंकली.

पॅडॉकमध्ये घोडे गोल फिरतायत, मोतद्दार लगाम धरून. कठड्याला टेकलेले जुने जाणते घोड्याच्या तोंडाकडे बघतच नाहीत. मागच्या मांड्या बघतात, चाल बघतात, घाम कुठे आलाय ते बघतात. तिकडे जॉकी खोगीर काखेत धरून वजनकाट्यावर उभा. ठरवून दिलेल्यापेक्षा वजन कमी भरलं तर खोगिरात शिशाच्या पट्ट्या.

आता गेट. एक घोडा आत जायला तयार नाही. डोळ्यांवर फडकं टाकलं, दोघांनी मागून हातात हात गुंफून रेटलं. गेला. मधे एक क्षण सगळे घोडे सरळ उभे. आणि सुटले.

[शर्यत. निवेदन नाही.]

अडीच मिनिटांचा खेळ. त्यासाठी कोणी पगार लावतो, कोणी त्याहून जास्त. बुडालेल्या घरांची गणती कुठल्या बोर्डावर लागत नाही.

[ड्रोन. संपूर्ण रिंगण.]

वरून बघितलं की कळतं या जागेवर सगळ्यांचा डोळा का आहे. परळ, लोअर परळ, वरळी, ताडदेव, चहूकडे टॉवर, आणि मधोमध झाकण उघडं राहिल्यासारखं आकाश. जमिनीचा मालक सरकार आणि महापालिका, शर्यती भरवणारा रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब भाडेकरू. भाडेपट्टा २०१३ मध्ये संपला, वाटाघाटी वर्षानुवर्षं चालल्या. ठरलं ते असं: २११ एकरांतले १२० एकर सार्वजनिक उद्यानाला, ९१ एकर क्लबकडे. धावपट्टी राहते. तबेले हलणार. सिंगापूरला तेही झालं नाही. १८४२ मध्ये स्थापन झालेल्या तिथल्या टर्फ क्लबच्या शर्यती ऑक्टोबर २०२४ मध्ये बंद झाल्या, जमीन घरबांधणीला.

उद्यान होईल तेव्हा होईल. तोवर मुंबईचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. पावसाळ्यात घोडे पुण्याला असतात. शर्यत बघायची तर तिकीट काढा, सराव बघायचा तर पहाटे लवकर उठा. डर्बीच्या रविवारी यायचं असेल तर लोकलनं या, महालक्ष्मीला उतरा. गाडी आणलीत तर पहिली शर्यत पार्किंग शोधतानाच संपेल.