बैलाचा स्वभाव कसा पारखावा

श्रोतेहो, नमस्कार.

पेरणीच्या तोंडावर आपल्या नागपूर-वर्धा भागातील बाजारांत बैलजोडी घेणारा शेतकरी दात मोजतो, शिंगांची ठेवण, खुरे आणि वशिंड निरखतो. स्वभावाबाबत मात्र विकणाऱ्याचे ‘गरीब आहे जी’ एवढे तीन शब्द त्याला पुरतात.

मांसासाठी गुरे पाळणाऱ्या देशांत स्वभावाला रीतसर गुण देतात. जनावर खोड्यात, म्हणजे तपासणीसाठी त्याला अडकवायच्या चौकटीत, शांत उभे राहिले तर १, सतत झटके देत धडपडत राहिले तर ५. फाटक उघडल्यावर ते चालत निघते की उधळते, हेही पाहतात; ऑस्ट्रेलियात तर बाहेरचे पहिले १.७ मीटर अंतर कापायला लागलेला वेळ मोजण्याची पद्धत निघाली, कारण घाबरट जनावराचे वजन हळू वाढते. आपल्याकडे २०१५ पासून बैलांच्या कत्तलीलाही बंदी असल्यामुळे हिशेब निराळा आहे: बैलाबरोबर अनेक वर्षे काढायची असतात, आणि मारक्या बैलाला पुढे गिऱ्हाईकही मिळत नाही.

आपल्या भागातल्या गवळाऊ जातीचा बैल मुळात चपळ आणि तापट. पण तेज बैल वेगळा, भेदरलेला वेगळा. तेज बैल कान टवकारून तुमच्याकडे पाहतो. भेदरलेल्याच्या डोळ्यांचा पांढरा भाग दिसतो, शेपूट पायांत जाते, आणि कासरा ताणला की तो आणखी मागे रेटतो.

जनावरांच्या दवाखान्यात नोकरीत असताना असाच एक बैल खोड्यात शिरेना. तिघे ओढत होते, एक जण तुतारी, म्हणजे टोकदार काठी, टोचत होता, आणि मी बैलालाच दोष देत होतो. मग लक्षात आले की समोरच्या दांडीवर टांगलेला माझाच पांढरा कोट वाऱ्याने हलत होता. तो काढला, तुतारी ठेवायला लावली, आणि थोड्या वेळाने बैल आपणहून आत गेला.

बैलाला जवळजवळ चहूकडचे दिसते, फक्त शेपटीमागचे दिसत नाही. म्हणून आवाज देत खांद्याच्या बाजूने जावे. खांद्याच्या थोडे मागे उभे राहिल्यास तो पुढे चालतो, पुढे उभे राहिल्यास मागे सरतो.

बाजारात दमलेला, बांधलेला बैल गरीबच दिसतो. सौदा करण्याआधी त्याच्या गोठ्यावर जावे आणि घरातल्या बाईने त्याला दावणीवरून सोडून पाण्यावर न्यावे, असे सुचवावे. मालक निमित्ते काढू लागला, तर भाव विचारू नये.