मुशीच्या पोटातील वार

श्रोतेहो, नमस्कार. कोकणच्या मासळीबाजारात मुशी कापताना कधीकधी तिच्या पोटात पूर्ण वाढ झालेली पिल्ले सापडतात, आणि त्यांना माणसाच्या बाळासारखी नाळ असते. मासा म्हणजे अंडी घालणारा प्राणी, हा शाळेतला धडा मुशीने काही वाचलेला नाही. या लहान शार्कचे अंडे जेमतेम १ मिलिमीटरचे, म्हणजे शार्कांमध्ये सर्वांत लहान. त्यात बलक जवळजवळ नसतोच. जन्मणारे पिल्लू मात्र १२ ते १५ सेंटिमीटर लांब भरते. वाढीला लागणारे जवळपास सगळे पोषण त्याला आईकडून, वारेमार्फत, म्हणजे गर्भाला आईशी जोडणाऱ्या अवयवामार्फत मिळते.

पृष्ठवंशी प्राण्यांमध्ये पिल्लांना जन्म देण्याची ही रीत दीडशेहून अधिक वेळा स्वतंत्रपणे उत्क्रांत झाली आहे. प्रत्येक वेळी त्यासाठी नवी जनुके घडली असतील का? आजवर जे हाती आले आहे त्यावरून असे दिसते की नवे फार थोडे घडले. अंड्याच्या काळातली जुनी जनुकेच नव्या कामाला जुंपली गेली.

बलकाचेच पाहा. व्हिटेलोजेनिन हे प्रथिन मादीच्या यकृतात तयार होते, रक्तातून अंडाशयात जाते आणि तेथे अंड्यात साठवले जाते. सस्तन प्राण्यांमध्ये दूध आणि वार आल्यानंतर त्याची जनुके निकामी होत गेली. अंडी घालणाऱ्या प्लॅटिपसपाशी मात्र त्यातले एक शिल्लक राहिले. माशांचा मार्ग वेगळा आहे. मेक्सिकोतील गुडिड कुळातील माशांचे गर्भ आईच्या अंडाशयातच वाढतात आणि आतड्याच्या टोकाकडून बाहेर आलेल्या फितींसारख्या अवयवांनी अन्न शोषतात. जपानमधील संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवून दिले की आईचे व्हिटेलोजेनिन याच फितींवाटे गर्भात शिरते. म्हणजे शिधा तोच. पूर्वी तो अंड्यात एकदाच बांधून दिला जाई, आता तो गर्भारपणातही पोहोचवला जातो.

यापुढचा प्रश्न मला अधिक मोलाचा वाटतो: अन्न किती द्यायचे, हे कोण ठरवते? डास आटोक्यात ठेवण्यासाठी आपल्याकडे विहिरींत आणि टाक्यांत सोडले जाणारे गप्पी मासे पिल्ले देतात, परंतु त्यांचा गर्भ मुख्यतः अंड्यातील बलकावरच जगतो, आणि जन्मताना पिल्लाचे कोरडे वजन मूळ अंड्यापेक्षा कमी भरते. त्याच कुळातील पेसिलिऑप्सिस या मध्य अमेरिकी प्रजातींच्या गटात काही मासे गप्पीसारखेच आहेत, तर काहींमध्ये पिल्लू अंड्याच्या शंभरपटीहून जड होऊन जन्मते. जीवशास्त्रज्ञ डेव्हिड रेझनिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवले की या एका गटात वार किमान तीनदा स्वतंत्रपणे उद्भवली, आणि एका ठिकाणी त्यासाठी साडेसात लाख वर्षांहूनही कमी काळ लागला असावा.

आईला पुढच्या वेतांसाठीही शक्ती राखायची असते. पुढच्या वेतांचा पिता दुसरा असू शकतो, म्हणून पित्याकडून आलेल्या जनुकांना मात्र याच पिल्लाने जास्त ओढून घेण्यात लाभ असतो. ही ओढाताण जाणूनबुजून होत नाही, तो निवडीचा हिशेब आहे. गर्भाच्या वाढीला चालना देणारे आयजीएफ-२ हे जनुक त्यात महत्त्वाचे ठरते. जनुकातील काही बदल प्रथिनाला धक्का लावत नाहीत, तर काही त्याची घडणच बदलतात. दुसऱ्या प्रकारचे बदल प्रमाणाबाहेर साचलेले दिसले, तर नैसर्गिक निवड त्यांना उचलून धरते आहे असा निष्कर्ष निघतो. २००७ मध्ये वार असलेल्या माशांच्या वंशांत आयजीएफ-२ च्या बाबतीत नेमके हेच आढळले. उंदरांत या जनुकाची आईकडून आलेली प्रत मुकी, म्हणजे बंद असते आणि वडिलांकडची बोलते. या माशांत मात्र तसे मुकेपण सापडलेले नाही. भांडण तेच असले तरी ते येथे दुसऱ्या वाटेने चालले असावे.

समुद्रघोड्यात तर नर गर्भार राहतो. २०१६ मध्ये त्याचा जीनोम, म्हणजे संपूर्ण जनुकसंच वाचला गेला, तेव्हा नराच्या पिशवीत ज्या विकरांची जनुके कार्यरत दिसली, ती अंड्याचे कवच विरघळवणाऱ्या विकरांच्याच घराण्यातील निघाली. त्याच्या आप्तांपैकी काही पाइपफिशांनी तर परक्या पेशींविरुद्धच्या प्रतिकारव्यवस्थेचा एक प्रमुख भाग, एमएचसी-२, गमावला आहे. अर्धा परका गर्भ शरीरात सांभाळण्यासाठी ही किंमत मोजली गेली, असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु अटलांटिक कॉड माशाकडेही हा भाग नाही, आणि तो तर समुद्रात लाखोंनी अंडी सोडतो.