सोपोवाला कधी येतो?

अध्यक्षांनी माझी ओळख करून देताना मला ‘समाजमाध्यमांचे अभ्यासक’ म्हटलं. तसं काही नाही हो. जन्मभर शाळेत गणित शिकवलं आणि निवृत्तीनंतर हातात फोन आला, एवढंच. विषय दिलाय ‘नव्या समाजमाध्यमाची पहिली ओळख’. माझी ती ओळख ६ जुलै २०२३ला झाली, इन्स्टाग्रामवाल्या मेटा कंपनीचं छोट्या पोस्टी लिहायचं थ्रेड्स आलं त्या दिवशी. आपल्याकडे ते पहाटेच येऊन बसलं होतं, पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, पों-पों ऐकू यायच्याही आधी.

दिवसभर पाऊस, वीज येऊन-जाऊन. नात म्हणाली, “आजोबा, नवीन आलंय, उघडा.” मी विचारलं, नाव-गाव, फॉर्म, काय लागतं? “काही नाही, तुमचं इन्स्टाग्रामचं खातंच चालतं.” इथेच घात झाला. ते खातं तिनेच उघडून दिलेलं, आणि माझं ताट बघून नाव ठेवलेलं: ‘बांगडेवाले आजोबा’. तेच नाव इकडे आपसूक आलं. संध्याकाळी मी पहिली पोस्ट टाकली. पाचशे अक्षरांची मुभा होती, मी एका ओळीत आटोपलं: ‘नमस्कार, गोव्यातून लिहितोय, पाऊस जोरात आहे.’ रात्री एका अनोळखी गृहस्थाचं उत्तर आलं: ‘कळंगुटला घरपोच मिळेल का?’

काय मिळेल का? मला आधी कळेचना. कळलं तेव्हा मी सभ्यपणे लिहिलं, की १ जून ते ३१ जुलै ट्रॉलरची मासेमारी बंद असते, आणि मी गणिताचा मास्तर आहे. त्यावर त्याचं उत्तर, ‘बर्फातले चालतील.’ नात म्हणते, “आजोबा, भाव तरी सांगून बघा!” हसा, हसा. घरी अजून हसतात.

बरं, खातं काढून टाकावं, तर तेव्हा अशी गोम होती की थ्रेड्सचं खातं पुसायचं तर इन्स्टाग्रामचंही पुसलं जायचं. म्हणजे नातवंडांचे सगळे फोटो गेले. नोव्हेंबरात ती सोय झाली, तोवर मी नावाला सरावलो होतो.

आत गेल्यावर काय दिसलं? ओळखीचं माणूस एक नाही. नटनट्या, क्रिकेटवाले, साबणाच्या कंपन्या, आणि जो तो विचारतोय, ‘इथे बोलायचं काय असतं?’ फक्त आपल्या माणसांचं तेवढं दाखवा म्हणावं, तर तशी सोय पहिल्या दिवशी नव्हती. मराठीत कोण काय लिहितंय ते शोधायला गेलो, तर शोधात फक्त खात्यांची नावं सापडायची, लिहिलेलं नाही. खाजगी निरोप नाही, हॅशटॅग नाही. तरी पाच दिवसांत दहा कोटी खाती! मला क्रमांक मिळाला दोन कोटींच्या पुढचा. नात म्हणाली, “लवकर लागलाय नंबर.” रेशनच्या रांगेत उभा राहिलेला माणूस मी, मला त्याचं काय कौतुक?

जाता जाता एक सांगतो, हे आपल्याच गावांत कळेल. युरोपीय संघात थ्रेड्स सुरू झालं ते १४ डिसेंबरला, तिथल्या नव्या कायद्यांच्या धास्तीनं. इंग्लंडात मात्र पहिल्याच दिवशी. आमच्या वाड्यावरचे दोघे भाऊ, दोघांकडे पोर्तुगीज पासपोर्ट. इंग्लंडातल्या स्विंडनच्या भावाचं उघडलं, लिस्बनच्या भावाचं नाही. आईला वाटलं, धाकट्यानं पुन्हा काहीतरी भानगड केली.

आता सोपो. इथं कुणाला समजवायला नको, पण मुंबईचे पाहुणे बसलेत म्हणून सांगतो: बाजारात टोपली घेऊन बसलं की जागेची पट्टी द्यावी लागते, तो सोपो. वसुलीचा ठेका लिलावात जातो. तर एका गावात (नाव सांगत नाही, अध्यक्ष माझ्याकडेच बघतायत) नवा आठवड्याचा बाजार सुरू झाला. सुरुवातीला सोपो माफ. मयड्याची केळी घेऊन एक मावशी यायच्या. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार सोडून इथं आल्या, कारण जागा फुकट, वर सावली. गिऱ्हाइकं जुळली. मीही तिथंच जायचो, घड उचलून सालीवरचा डाग बघायचा, मावशी म्हणायच्या, “मास्तर, डागाचंच गोड असतं.” आणि एका सकाळी पावतीपुस्तक घेऊन एक तरुण उभा. टोपलीला इतके, गोणपाट पसरलं तर इतके. मावशी चिडल्या. पण उठून जातील कुठे? म्हापशाची जागा दुसरीनं धरलेली आणि गिऱ्हाईक सगळं इकडे. पुढच्या आठवड्यापासून डझनामागं भाव वाढला. म्हणजे सोपो भरला कुणी? मी!

चिठ्ठी आली. ‘पाच मिनिटे.’ अहो, व्याख्यान आत्ताशी सुरू होतंय! असो, भरभर सांगतो.

थ्रेड्स आलं तेव्हा त्यावर एकही जाहिरात नव्हती. लोक म्हणाले, किती स्वच्छ! पहिल्या महिन्यात आलेल्यांपैकी निम्मेही टिकले नाहीत, हे मेटाच्या झकरबर्गनं स्वतःच आपल्या कर्मचाऱ्यांना सांगितलं. मग शोध आला, संकेतस्थळ आलं, माणसं परतली, रुळली. जानेवारी २०२५मध्ये अमेरिका आणि जपानमध्ये जाहिरातींची चाचणी झाली, एप्रिलमध्ये जगभरच्या जाहिरातदारांना दार उघडलं. पावतीपुस्तक आलं! म्हणून माझं म्हणणं, पहिल्या दिवशी बटणं मोजत बसू नका. सोपो कोण मागणार आणि तेव्हा आपल्याला उठता येईल का, तेवढं बघा.

ज्यांचा सोपो जमत नाही त्यांचं काय होतं? कू हे ट्विटरसारखं माध्यम आपल्याकडचंच, २०२० साली आलं, २०२४च्या जुलैत मिटलं. गूगलचं ऑर्कुट दहा वर्षं चाललं. तिथं लिहिलेल्या माझ्या कविता गेल्या, त्याबद्दल कुणी हळहळलेलं मला आठवत नाही.

आणि मॅस्टोडॉन, तेही पोस्टी लिहायचंच माध्यम, २०१६चं, पण एका कंपनीचं नाही; ते आपल्या देवस्थानांसारखं. ते वेगवेगळ्या सर्व्हरांवर चालतं, प्रत्येक सर्व्हरचे महाजन, म्हणजे कारभारी, वेगळे, नियम वेगळे, खर्च त्यांचा किंवा वर्गणीतून. जाहिरात नाही. महाजनांशी पटलं नाही तर दुसऱ्या सर्व्हरवर जाता येतं, आपल्यामागचे लोकही बरोबर येतात. जुन्या पोस्टी तेवढ्या मागे राहतात. महाजनांची भांडणं तिथंही आहेत, ती इथं सांगायला वेळ नाही आणि तुम्हाला सांगायची गरजही नाही.

अध्यक्ष उभे राहिले. ज्यांना मॅस्टोडॉनवर मराठीतून लिहिणारे बघायचेत, त्यांनी चहाच्या वेळी माझ्याकडे या. फोन आणलाय, चार्जर कुणीतरी द्या.