मुक्कामी गाडी

(काळा पडदा. घंटीची दोरी ओढल्याचा आवाज. टण्, टण्.)

संध्याकाळचे साडेसहा. तालुक्याच्या स्टँडवरून दिवसातली शेवटची एसटी निघाली आहे. ही मुक्कामी गाडी. रात्र गावच्या पारापाशी काढायची आणि पहाटे कॉलेजची पोरं, बाजारकरी भरून माघारी फिरायचं.

गाडीचे कंडक्टर एकोणीस वर्षं खाकीत आहेत. नाव घेऊ नका म्हणाले, म्हणून घेत नाही.

"सरकारी नोकरी, तुम्हाला कसलं आलंय दुःख?" हे त्यांनी भावकीतल्या प्रत्येक लग्नात ऐकलंय. खरं तर नोकरी सरकारी नाही, महामंडळाची. ऑक्टोबर 2021च्या अखेरीस सुरू झालेला संप मुख्यतः त्यासाठीच होता. मागणी एका शब्दाची, विलीनीकरण, म्हणजे महामंडळ राज्य सरकारात सामावून घ्या. पाच महिन्यांहून जास्त गाड्यांची चाकं अडखळली. यांनी त्या काळात दुसऱ्याच्या रानात ऊस तोडला. एप्रिल 2022मध्ये सगळे कामावर परतले, विलीनीकरण झालं नाही.

पण परत आल्यावर त्यांच्या लक्षात आलं, आपली तक्रार तेवढीच नव्हती. मोठ्या मागणीखाली बारीकसारीक बरंच दडून बसलं होतं.

(कॅमेरा हातांवर. तिकीट मशीन, चामडी बॅग, चिल्लर.)

ऑगस्ट 2022पासून पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत. मार्च 2023पासून बायकांना अर्धं तिकीट. योजना चांगल्याच, गाड्या भरून वाहू लागल्या. फक्त कुणाचं वय किती, हे चालत्या गाडीत, दाटीवाटीत ठरवायचं कंडक्टरने.

"आजोबा, आधार कार्ड दाखवा."

"डोक्यावरचे केस दिसत नाहीत का तुला?"

यावर उलट उत्तर न देणं हेही कामच. त्याचा भत्ता मिळत नाही.

(रात्र. दिवे विझलेली गाडी.)

ड्रायव्हर पुढच्या बाकड्यावर, हे मागच्या लांब सीटवर. रोकड त्यांच्याच ताब्यात, म्हणून बॅग उशाला. कमी भरली तर खिशातून भरायची. कुत्रं भुंकलं की हात आधी बॅगेवर जातो. अशा रात्री आठवड्यातून चार.

एकदा घरी यांनी वह्यांसाठी दिलेली शंभराची नोट दहावीतल्या मुलीनं परत त्यांच्यापुढे धरली. हे खेकसले, "सुट्टे नाहीत, उतरा खाली!" घरात क्षणभर शांतता. मग मुलगी हसली. हे हसले नाहीत.

त्या आठवड्यात, मुक्कामावरून, त्यांनी 14416 लावला. टेलिमानस, मनाच्या त्रासासाठीचा सरकारी नंबर. मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. काय बोललात, हे आम्ही विचारलं नाही.

कामाला आला तो मात्र ड्रायव्हरचा प्रश्न. भाकरीचा घास तोंडात असतानाच त्यांनी विचारलं, "तुला त्रास नोकरीचा होतोय, का रात्रीचा?"

उत्तर द्यायला दोन दिवस लागले. तिकिटं फाडायला आवडतात, अजूनही. रस्ता आवडतो. कुठल्या फाट्यावर कोण उतरणार, हे तोंडपाठ आहे. नको झाल्यात त्या रात्री.

आता डेपोत असाही एक कंडक्टर निघाला, ज्याची सासुरवाडी नेमकी याच गावात! त्याला मुक्काम म्हणजे गरम जेवण आणि गादी. दोघांच्या सह्यांचा अर्ज गेला. साहेबांनी आधी ठेवून घेतला, मग पुन्हा आणायला सांगितला. तिसऱ्या खेपेला ड्युटी बदलली. आठवड्यातल्या दोन रात्री घरच्या झाल्या, मंगळवार आणि शुक्रवार. आजोबा, आधार कार्ड आणि सुट्टे पैसे आहेत तिथेच आहेत.

(घर. पहाटेचा अंधार. स्वयंपाकघरात दिवा.)

मंगळवारची रात्र संपत आलीय. साडेचारला गजर न लावताही त्यांना जाग येते. हात उशाखाली जातो, बॅग चाचपतो. बॅग नाही. ते दचकून उठून बसतात, शेजारच्या खोलीतून मुलीचा मोठ्यानं पाठ करण्याचा आवाज येतो, आणि ते पुन्हा आडवे होतात.